पैलवानाचा निर्णय पैलवानानं घ्यावा

कुंडलच्या कुस्ती मैदानात टेकडीच्या उतारावर बसलेल्या माणसाला जे दिसतं, ते आखाड्यात उतरलेल्या पोराला दिसत नाही. वरून दोन्ही पैलवानांचे पाय दिसतात, कुणाचा तोल कुठं गेलाय ते दिसतं, कुणाला दम लागलाय ते कळतं. खाली मातीत उभ्या असलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला दिसतो तो समोरच्याचा खांदा, मान आणि फार तर एक गुडघा. त्यातून वर हलगी कडाडत असते, निवेदकाचा आवाज घुमत असतो आणि चारी बाजूंनी माणसं ओरडत असतात : पट काढ, ढाक मार, खाली बस, सोडू नको. ओरडणाऱ्यांना मनापासून वाटत असतं की आपण पोराला मदत करतोय. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. आखाड्यातला निर्णय घेण्याची बुद्धी ही जोर-बैठकांइतकीच रोजच्या मेहनतीनं कमवायची गोष्ट आहे, आणि आपण मोठी माणसं काठावरून सतत निर्णय सांगत राहून ती मेहनत मुलांकडून होऊच देत नाही.

कोवळ्या वयाच्या पैलवानांना शिकवणं हे माझं काम. या कामाचा बराचसा वेळ आखाड्याच्या काठावर उभं राहून पाहण्यात जातो, आणि एक गोष्ट नजरेत आल्यावाचून राहत नाही. पकड अडली की बहुतेक मुलांची मान काठाकडे वळते. समोर प्रतिस्पर्धी आहे, त्याचा हात आपल्या मानेवर आहे, आणि नजर मात्र वस्तादाला शोधतेय. त्या क्षणात समोरचा आत शिरतो. अशी मुलं अंगानं कमी नसतात. त्यांचे जोर चुकत नाहीत, खुराक चुकत नाही, वीस-पंचवीस डाव त्यांना नावानिशी ठाऊक असतात. कोणता डाव कधी लावायचा हे मात्र त्यांना कुणीतरी सांगावं लागतं, कारण तालमीत ते रोज कुणीतरी सांगतच आलेलं असतं. याउलट थोडी मुलं अशी असतात की त्यांना चारच डाव येतात, पण ते चार डाव कुठल्या घडीला लागतात याची जाण त्यांच्या हातात असते. वय वाढतं, समोरचे पैलवान तोडीचे येऊ लागतात, तेव्हा ही दुसरी मुलं पुढं जातात. आपण म्हणतो, त्याला उपजत डोकं आहे. मला हे पटत नाही. त्याला कुठंतरी, कधी शेतातल्या पाटापाशी भावंडांशी झोंबताना तर कधी वस्तादाचं लक्ष नसताना, स्वतःच्या अकलेनं लढायला भरपूर मिळालेलं असतं.

कुस्तीतला निर्णय म्हणजे काय, हे नीट पाहायला हवं, कारण तो बुद्धिबळातल्यासारखा हनुवटीला हात लावून घेतलेला निर्णय नसतो. सलामी झाली की खडाखडी सुरू होते. बघणाऱ्याला वाटतं, हे नुसतं हाताला हात लावणं आहे, कुस्ती अजून सुरू व्हायचीय. खरं तर निम्मी कुस्ती तिथंच ठरते. मनगट धरून ओढलं तर समोरचा पुढं येतो की मागं सरकतो? मानेवर भार टाकला की तो मान ताठ करतो की खाली घेतो? उजवा पाय पुढं ठेवणारा गडी दमल्यावर पाय बदलतो का? हे सगळे प्रश्न पैलवान तळव्यांनी, कपाळानं आणि मानेनं विचारत असतो आणि उत्तरंही तिथूनच घेत असतो. डोळ्यांचं काम त्यात कमीच. समोरच्याचा भार टाचेवरून चवड्यावर आला, ही गोष्ट काठावरच्या माणसाला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पकडीत असलेल्याला ती आधी लागते, पण ती ओळखायची सवय असेल तरच. म्हणून काठावरून दिलेली सूचना कितीही बरोबर असली तरी ती बहुधा मागच्या क्षणाची असते. 'पट काढ' हे शब्द कानात शिरून अंगापर्यंत पोचेस्तोवर तो पाय तिथून हललेला असतो.

यावर जाणते लोक म्हणतात, कुस्तीत विचार करणारा पडतो. अंगवळणी पडलेलं तेच खरं, बाकी सगळं पुस्तकी. या म्हणण्यात अर्धं सत्य आहे, आणि ते अर्धं सत्यच माझ्या बाजूचं आहे. नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी 1940च्या दशकात बुद्धिबळपटूंचा अभ्यास केला आणि 1973 साली अमेरिकेत विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनी तो पुढं नेला. पाच सेकंद पट दाखवायचा आणि मग सोंगट्या आठवणीनं मांडायला सांगायच्या. खऱ्या डावातली मांडणी असली की उस्ताद खेळाडू ती जवळजवळ पूर्ण उभी करत, नवख्यांना ते जमत नसे. सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या की उस्ताद आणि नवखा यांच्यात फारसा फरक उरत नसे. म्हणजे उस्तादाची स्मरणशक्ती वेगळी नव्हती, अर्थ असलेल्या मांडण्या ओळखण्याची सवय वेगळी होती. ज्याला आपण अंगवळणी म्हणतो ते हेच. हजारो वेळा स्वतः पाहून, स्वतः ठरवून, चुकून आणि पुन्हा ठरवून जमलेली ओळख. ती असली की लढताना विचार करावा लागत नाही, हे खरं. पण ती जमवायची तर सरावात विचार करावाच लागतो. दुसऱ्याच्या हुकमावर हजार वेळा पट काढलेल्या मुलाला पट काढता येतो, पट कधी काढायचा ते येत नाही. फुटबॉलमध्येही हेच आढळलं आहे. नॉर्वेचे संशोधक गाइर योर्डेट यांनी इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंचं चित्रीकरण बारकाईनं पाहिलं, तेव्हा चेंडू पायाशी येण्याआधी जे वारंवार मान वळवून आजूबाजूला पाहून घेत होते, त्यांचे पास जास्त अचूक जात होते. पायातलं कसब जिथं सुरू होतं, त्याच्या आधी पाहण्याचं कसब सुरू झालेलं असतं.

आपल्या भागाला तर या गोष्टीचा पुरावा बाहेरून आणायची गरज नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिम्पिकला गेले आणि सहावे आले. मातीत घडलेला हा गडी गादीवरच्या कुस्तीला आणि तिच्या नियमांना तेव्हा नवखा होता. पुढच्या चार वर्षांत त्यांनी स्वतःची कुस्ती त्या नियमांप्रमाणे वळवली आणि 1952 साली हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांच्या कुस्तीबद्दल जे लिहिलं-बोललं गेलं त्यात ताकदीपेक्षा चपळाईचा आणि समोरच्याला बुचकळ्यात टाकणाऱ्या डावांचा उल्लेख जास्त येतो. पण मला त्या स्पर्धेतली दुसरी गोष्ट पोरांना सांगावीशी वाटते. जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ लढत झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमानं मिळायला हवी होती. ती मागायला त्यांच्या बाजूनं भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेल्या अंगानं ते उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण मिळालं, मम्मदबेयोवला रौप्य. यात खाशाबांचा काडीचाही दोष नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, एकट्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करायची? दोष असलाच तर जे सोबत असायला हवे होते आणि नव्हते त्यांचा. पण त्यानंतर सत्तर वर्षं उलटली तरी आपली पोरं नियमांचं पुस्तक न उघडता गादीवर जातात, हे मात्र आपलं पाप आहे.

मैदानी कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांत नियमांच्या फरकामुळं निर्णयही वेगळे होतात. मैदानात कुस्ती निकाली व्हावी अशी लोकांची अपेक्षा असते. पाठ लागेपर्यंत लढायचं, वेळ भरपूर, माती पाय धरते, दम राखून समोरच्याला थकवणं हा शहाणपणा ठरतो. गादीवर मोठ्यांना तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या मिळतात, सतरा वर्षांखालच्यांना दोन-दोन मिनिटांच्या. तिथं तोच शहाणपणा अंगाशी येतो. निष्क्रिय ठरवलं गेलं तर तीस सेकंदांत गुण घ्यावा लागतो, नाहीतर समोरच्याला एक गुण जातो. रिंगणाबाहेर पाय पडला की एक गुण. ताबा घेतला की दोन. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांचं अंतर पडलं की कुस्ती तिथंच थांबते. गुण बरोबरीत सुटले तर कुणी मोठ्या गुणाचा डाव मारला, कुणाला ताकीद मिळाली, शेवटचा गुण कुणाचा, यावर निकाल लागतो. म्हणजे 4-4 अशी बरोबरी असताना एक गडी जिंकतोय आणि एक हरतोय, आणि आपण त्यातले कोण आहोत हे पैलवानाला ठाऊक नसेल तर शेवटची वीस सेकंदं तो चुकीची कुस्ती लढतो. जिंकत असलेला विनाकारण ढाकेला जाऊन स्वतःच खाली येतो, हरत असलेला बरोबरी झाली म्हणून जोर सैल करतो. प्रशिक्षकानं पंचांच्या निर्णयाला दिलेलं आव्हान फसलं तरी समोरच्याला गुण जातो, त्यामुळं 'मागा, मागा' म्हणून कोपऱ्याकडे खूण करणाऱ्या मुलाला आपली पाठ खरंच कलली होती की नाही हे प्रामाणिकपणे माहीत असावं लागतं.

हे शिकवायचं कसं, तर माझ्या अनुभवात सांगून फारसं होत नाही. तशी परिस्थिती उभी करावी लागते. एका मुलाला सांगायचं, तू एका गुणानं मागं आहेस आणि चाळीस सेकंदं उरलीत. दुसऱ्याला सांगायचं, तू पुढं आहेस पण तुला एक ताकीद मिळालीय. मग दोघांना सोडायचं आणि आपण तोंड बंद ठेवायचं. कधी पट वर्ज्य करायचा, कधी उजव्या हाताची पकड. असं केलं की नेहमीचा रस्ता बंद झालेलं मूल दुसरा रस्ता स्वतः शोधतं. सगळ्यात उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे मुलांनाच पंच करणं. शिट्टी हातात आलेल्या मुलाला गुण द्यावे लागतात, दिलेला गुण का दिला ते दोन्ही मित्रांना सांगावं लागतं, शिव्या खाव्या लागतात. पंच होऊन उभं राहिलेलं मूल पंचाचा मान राखायलाही लवकर शिकतं, आणि हा फायदा लहान नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या वेळी पंचांच्या निर्णयावरून जो वाद पेटला, त्यानंतर दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. निर्णय बरोबर होता की चूक यावर लोक अजून भांडतात. पाठ लागली की नाही हे ठरवणं पैलवानाच्या हातात नव्हतं. त्यानंतरच्या क्षणी काय करायचं हे मात्र त्याच्या हातात होतं, आणि बंदी त्या क्षणामुळंच आली. रागाच्या भरातला निर्णयही सरावानंच सुधारतो, उपदेशानं नाही.

कुस्ती झाल्यावर बोलायचं कोणी, हाही प्रश्न आहे. आपल्याकडे हरलेलं पोर बाहेर आलं की चार माणसं त्याच्याभोवती जमतात आणि प्रत्येक जण त्याची चूक सांगतो. पोर मान खाली घालून ऐकतं, आणि ऐकता ऐकता त्याच्या स्वतःच्या अंगाला काय जाणवलं होतं ते पुसून जातं. मी आधी विचारतो : तुला काय लागलं हाताला? तू काय ठरवलं होतंस? पहिले काही दिवस उत्तर येत नाही, कारण असा प्रश्न त्यांना कधी कुणी केलेला नसतो. मग हळूहळू उत्तरं येतात, आणि ती माझ्या काठावरून दिसलेल्या कारणांपेक्षा पुष्कळदा खरी असतात. जिंकलेल्या मुलालाही हेच विचारावं लागतं. जिंकलेली कुस्तीसुद्धा चुकीच्या निर्णयावर जिंकलेली असू शकते, समोरचा कमी पडला म्हणून. ती चूक विजयाच्या गुलालाखाली झाकून राहते आणि पुढच्या वर्षी बलवान जोड आली की बाहेर पडते.

इथं परंपरेच्या बाजूनं मोठा आक्षेप येतो आणि तो मी आदरानं ऐकतो. तालीम शिस्तीवर चालते. वस्तादाचा शब्द तो शब्द. पहाटे उठणं, लंगोटाची पवित्रता, थोरांच्या पाया पडणं, आखाड्याच्या मातीला हात लावून कपाळाला लावणं, हे सगळं 'मला वाटेल तसं' या वृत्तीवर उभं राहत नाही. मुलांना निर्णय द्यायला लागलात तर उद्या ती जोर मारायचे की नाही तेही स्वतः ठरवतील, असं म्हणतात. माझं उत्तर असं की शिस्त आणि परावलंबन या दोन गोष्टींची आपण गल्लत करतोय. किती वाजता यायचं, किती जोर मारायचे, मोठ्यांशी कसं बोलायचं, हे वस्तादानंच ठरवावं. पण लढतीत कुणाचा शब्द चालतो? जुन्या वस्तादांची ख्यातीच अशी होती की ते एक डाव शिकवत आणि त्याची तोड पैलवानाला शोधायला लावत. काठावरून अखंड ओरडणं ही परंपरा नाही, ती अलीकडची घाई आहे. आणि शिस्तीतून स्वतंत्र निर्णय उभे राहू शकतात हे कुंडलनं तर जगाला दाखवून दिलेलं आहे. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळात इथल्या तुफान सेनेत कडक शिस्त होती. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेणाऱ्यांत जी. डी. बापू लाड होते, तेव्हा ते वयाच्या विशीत होते. भूमिगत माणसाला दर वळणावर विचारायला वर कुणी नसतं. त्याची शिस्त त्याच्या निर्णयात असावी लागते.

आता आखाड्याबाहेरच्या निर्णयांकडे येतो, कारण कोवळ्या पैलवानाचं नुकसान मातीत कमी आणि मातीबाहेर जास्त होतं. गावोगावच्या मैदानांत लहान मुलांच्या कुस्त्या जागेवरच जोडल्या जातात. दोघांना शेजारी उभं करायचं, उंची बघायची, अंग बघायचं, आणि लोक म्हणाले 'होय' की लावायची. वजन कुणी विचारत नाही, किती वर्षांचा सराव आहे हेही क्वचितच विचारतात. अशा वेळी जोड नाकारणं म्हणजे भ्याडपणा, असं मुलाच्या मनावर बिंबलेलं असतं. इनामाची रक्कम लहान असते, पण चार गावांच्या देखत मागं सरकायची लाज मोठी असते. मग दोन वर्षांनी मोठ्या, दहा किलोंनी जड गड्याशी पोर भिडतं आणि मान किंवा खांदा दुखावून घेऊन येतं. जोड घेण्याआधी समोरच्याचं वय, वजन आणि तालीम विचारायची, आणि उत्तर पटलं नाही तर हात जोडून 'आज नको' म्हणायचं, हे मुलाला यायला हवं. भीतीनं नाकारणं आणि जोखून नाकारणं यांतला फरक मुलाला स्वतःला कळतो. आपण तो कळू द्यायला हवा, त्याला भित्रा म्हणून चिडवू नये.

वजनाचा प्रश्न याहून गंभीर आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला विनेश फोगाट 50 किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी शंभर ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. त्याच आठवड्यात अमन सेहरावतनं रातोरात साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवून 57 किलो गटात कांस्य मिळवलं. घरोघरी दोन्ही बातम्यांची चर्चा झाली, आणि पोरांनी त्यातून धडा घेतला तो असा की मनात आणलं तर एका रात्रीत वजन उतरतं. त्यांना हे दिसलं नाही की अमनच्या भोवती प्रशिक्षक आणि जाणकार रात्रभर जागे होते, तो पूर्ण वाढ झालेला पैलवान होता, आणि तेवढी सगळी तयारी असूनही विनेशचे शंभर ग्रॅम उतरले नाहीत. अमेरिकेत 1997च्या अखेरीस वजन उतरवताना महाविद्यालयीन तीन मल्लांचा काही आठवड्यांच्या आत मृत्यू झाला. त्यानंतर तिथल्या नियामक संस्थेनं रबरी पोशाख आणि घामाच्या खोल्यांवर बंदी घातली आणि वजनं लढतीच्या अगदी आधी घ्यायला सुरुवात केली. इकडे आमच्या पोरांना कोणीतरी प्लास्टिकचा कोट घालून उन्हात पळायला सांगतं, पाणी तोडायला सांगतं. वाढीच्या वयात, हाडं लांबत असताना, दोन किलो खालच्या गटात शिरण्यासाठी उपाशी राहणं म्हणजे पुढच्या दहा वर्षांच्या कुस्तीवर आजच दरोडा घालणं. शरीरातलं पाणी वजनाच्या दोन टक्क्यांनी कमी झालं तरी दमसास घसरतो, हे आता सर्वमान्य आहे. म्हणून रोज सकाळचं वजन मुलानं स्वतः वहीत लिहावं, लघवीचा रंग पाहावा, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावं की मी कुठल्या गटाचा. स्पर्धेच्या आदल्या रात्री घ्यायचा हा निर्णय नव्हे. मुलींच्या बाबतीत यात पाळीचा विषय येतो, आणि पुरुष वस्ताद त्यावर बोलायला लाजतात. ती लाज बाजूला ठेवायला हवी, किंवा जी बाई हे मोकळेपणानं बोलू शकेल तिला तालमीत आणायला हवं.

दुखापतीबद्दलही आपल्याकडे एकच शिकवण : सहन कर. दुखणं दोन तऱ्हेचं असतं, मेहनतीचं आणि इजेचं, आणि ते वेगळं ओळखायला मूल शिकू शकतं. बैठकांनी मांड्या भरून येणं वेगळं, गुडघ्यात एका जागी टोचणं वेगळं. सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरनं 2022च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात स्नॅचमध्ये 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 135 असे 248 किलो उचलले. जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याचं कोपर दुखावलं. तरीही तो तिसऱ्या प्रयत्नाला उतरला, तो फसला, आणि मलेशियाचा अनिक कसदान 249 किलोंसह एका किलोनं पुढं गेला. संकेतच्या त्या निर्णयाचं माप काढायचा अधिकार मला नाही. आयुष्यात एकदा येणारी घडी होती, तो सज्ञान होता आणि किंमत त्याला ठाऊक होती. पण तेच चित्र पाहून चौदा वर्षांचं पोर तालुका पातळीच्या स्पर्धेत सुजलेला खांदा लपवतं, तेव्हा त्याला किंमत ठाऊक नसते. अशीच लपवालपवी नायट्याची होते. सराव बुडेल म्हणून पोर तो झाकतं आणि आठ दिवसांत सगळ्या तालमीला खाज सुटते. सांगितल्यावर शिक्षा होणार नाही याची खात्री असेल तरच मूल सांगतं. म्हणजे इथं मुलाचा निर्णय सुधारायचा तर आधी वस्तादाचं वागणं सुधारावं लागतं.

औषधांबद्दल थोडक्यात. भूल देताना रक्तदाब राखण्यासाठी वापरायचं मेफेन्टरमिनचं इंजेक्शन दम वाढवायला म्हणून व्यायामशाळांतून फिरतं. ते स्पर्धेत निषिद्ध आहे आणि हृदयाला घातक आहे. उत्तेजक चाचणीचा नियम असा की शरीरात जे सापडलं त्याला खेळाडू जबाबदार, मग ते कुणीही दिलेलं असो. 'वस्तादांनी दिलं म्हणून घेतलं' हे उत्तर तिथं चालत नाही. नियमच जर जबाबदारी मुलावर टाकत असेल, तर विचारण्याचा आणि नाही म्हणण्याचा हक्कही त्याला द्यावाच लागेल.

कुणी म्हणेल, एवढं ओझं पोरांवर कशाला? बारा वर्षांचं मूल काय ठरवणार? मी सगळं एकदम त्याच्या खांद्यावर टाका असं म्हणत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलानं सरावाच्या लढतीतले डाव ठरवावेत, एवढं पुरे. चौदाव्या वर्षी त्यानं वजनाची वही आणि दुखण्याची नोंद स्वतः ठेवावी. सोळाव्या वर्षी कुठली मैदानं करायची, कुठली सोडायची, माती की गादी, परीक्षेच्या महिन्यात किती सराव, या चर्चेत त्याचा आवाज असावा. दुसरा आक्षेप घरच्या परिस्थितीचा असतो आणि तो खरा आहे. ऊसतोडीच्या किंवा दोन एकरांच्या घरातून आलेल्या मुलाला खुराकाचा खर्च भागवायला मैदानं करावीच लागतात, भरतीचं वय डोक्यावर असतं. पण ज्याच्याकडे चुका परवडण्याइतका पैसा नाही, त्यालाच चांगल्या निर्णयाची गरज जास्त. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत 2012 ते 2014 सलग तीन वर्षं पहिली आली. नाव होतं, बक्षीस होतं. तरीही ती 3000 मीटर स्टीपलचेसकडे वळली, 2014च्या आशियाई स्पर्धेत कांस्य आणि 2015च्या आशियाई अजिंक्यपदात सुवर्ण मिळवून 2016ला रिओत अंतिम फेरीत धावली. दुष्काळी तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या मुलीनं हाताशी असलेलं यश सोडून आपल्या अंगाला काय साजतं ते ओळखलं. ही ओळख खुराकानं येत नाही.

म्हणून वस्तादांना, पालकांना आणि मैदानाच्या पंच कमिट्यांना माझी विनंती आहे. यंदा लहान गटाच्या कुस्त्या लागतील तेव्हा जोड लावण्यापूर्वी एक वजनकाटा आखाड्याजवळ ठेवा. सतरा वर्षांखालच्या कुस्तीला निवेदकांनी डाव सुचवू नयेत, नावं आणि गावं तेवढी सांगावीत. तालमीत आठवड्यातून एक दिवस असा ठरवा की त्या दिवशी काठावरून कुणीही बोलायचं नाही. आणि पोर हरून घरी आलं तर आबांनी, अण्णांनी, आईनं त्याला आधी जेवायला वाढावं, नंतर त्याला काय जाणवलं ते विचारावं, आणि त्याचं सांगून होईपर्यंत मधे बोलू नये.